गाडीतून पासपोर्ट चोरीला गेलाय, टेक्सासमध्ये मुलानं पोलिसांत जावं का?

हळदपेठ, सांगली

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, काही सांगायचं राहिलं तर विचारा.

माझा मुलगा इथंच सांगलीत इंजिनिअर झाला आणि गेल्या ऑगस्टमध्ये एमएस करायला टेक्सासला गेला. डॅलसजवळच्या एका शहरात चार मुलं मिळून राहतात. शनिवारी रात्री लायब्ररीतून बाहेर आला तर पार्किंगमध्ये मित्राच्या गाडीची मागची काच फोडलेली आणि सीटवरची सॅक गायब. सॅकमध्ये लॅपटॉप होता. पण माझी झोप उडालीय ती पासपोर्टमुळे. व्हिसा त्यातच, कॉलेजनं दिलेला आय-२० हा प्रवेशाचा कागद पण त्यातच. पासपोर्ट घेऊन कशाला फिरतोस म्हणून मी ओरडले, तर म्हणाला, "आई, इथं आता सगळेच जवळ ठेवतात. कुणी अडवलं तर दाखवायला लागतो."

त्यानं अजून पोलिसांत कळवलेलं नाही. बरोबरची मुलं जाऊ देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की टेक्सासचे पोलीस आता आयसीईला म्हणजे तिथल्या इमिग्रेशनवाल्यांना सामील आहेत, नाव दिलं की ते तिकडे पोचतं, मग दार वाजतं. मिस्टरही त्यांच्याच बाजूचे. त्यांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात चढले नाहीत. चाळीस लाखांचं कर्ज आहे, तासगाव रस्त्याची जमीन तारण आहे. "एका लॅपटॉपसाठी पोराचं शिक्षण पणाला लावायचं नाही," असं म्हणतात.

मला हे पटत नाही. मी पतसंस्थेत काउंटरला बसते. कुणाची ठेव पावती हरवली तर आम्ही सुद्धा पोलिसांचा दाखला मागतो, तर पासपोर्टचं दाखल्याशिवाय कसं होणार? आणि ज्याची चोरी झाली त्यानंच लपून बसायचं, हे माझ्या मनाला सहन होत नाही. पण मी इथं आणि तो तिथं. माझ्या आग्रहापायी त्याला काही झालं तर?

तिथले गावचे पोलीस आणि इमिग्रेशनवाले एकच असतात का? तक्रार द्यायला आलेल्याचीच कागदं तपासतात का? ज्यांना खरोखर माहीत आहे त्यांनी सांगावं. मुलाचं वय २३ आहे, सगळी कागदं नियमात आहेत.

कृष्णाकाठ, मिरज

ताई, त्याला आजच तक्रार द्यायला सांगा. एवढं आधी लिहितो, कारण पुढचं वाचायला वेळ लागेल.

मी बरीच वर्षं टेक्सासमध्ये नोकरीला होतो. तिथं आपल्याकडून आलेल्या मुलांना घर शोधून देणं, लायसन्सला नेणं, कुणी अडचणीत आलं तर वकील गाठून देणं ही कामं आम्ही काही जण करायचो. आई थकली म्हणून मिरजेला परत आलो, पण त्या मुलांचे फोन अजून येतात. त्यामुळे तुमच्या मुलाचे मित्र जे म्हणतात ते मी रोज ऐकतो. त्यांची भीती खोटी नाही. ती चुकीच्या जागी लागलीय.

तिथं एकच पोलीस खातं नसतं. शहराचे पोलीस वेगळे, ते शहराच्या कौन्सिलचे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, तिचा शेरीफ वेगळा, तो मतदानानं निवडून येतो आणि काउंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यात असतो. आयसीई हे केंद्राचं खातं, २००३ साली स्थापन झालेलं. तुमचा मुलगा ज्यांच्याकडे जाणार ते शहराचे पोलीस. ते आयसीईचे नोकर नाहीत.

मग हे दोघं भेटतात कुठे? प्रामुख्यानं तुरुंगाच्या दारात. कुणाला अटक करून तुरुंगात आणलं की बोटांचे ठसे घेतात. ते ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप इमिग्रेशनच्या यंत्रणेकडे. 'सिक्युअर कम्युनिटीज' नावानं हे २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१३ पर्यंत देशभर पोचलं. पुढे सरकारं बदलली तसं नाव कधी काढलं, कधी परत लावलं, पण ठसे जायचे थांबले नाहीत. म्हणजे एखाद्या शहरानं "आम्ही आयसीईला मदत करत नाही" असं कितीही जाहीर केलं तरी अटक झालेल्या माणसाची खबर वर जातेच. खबर मिळाली आणि आयसीईला तो माणूस हवा असला तर ते तुरुंगाला डिटेनर पाठवतात. याला सोडायची वेळ झाली तरी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही येतो, अशी ती विनंती असते. ती मानायची सक्ती नाही असं २०१४ मध्ये तिथल्या एका फेडरल अपील कोर्टानं सांगितलं. पण टेक्सासनं २०१७ मध्ये स्वतःचा कायदा करून आपल्या तुरुंगांना ती मानायला लावली. 

आता मुलं ज्याला घाबरतात ते कलम २८७(जी). १९९६ च्या कायद्यातलं आहे. स्थानिक पोलिसांनी आयसीईशी करार करायचा, आयसीईनं त्या पोलिसांना थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि इमिग्रेशनच्या कामाचे काही अधिकार द्यायचे. याचे मुख्य प्रकार तीन. एकात तुरुंगातले शिपाई आत आणलेल्यांची चौकशी करतात. दुसऱ्यात ते आयसीईचं वॉरंट फक्त बजावतात, तेही तुरुंगातच. तिसऱ्याला टास्क फोर्स म्हणतात. त्यात रस्त्यावरचा साधा पोलीस नेहमीच्या ड्युटीवर असतानाच इमिग्रेशनचं काम करू शकतो. हा तिसरा प्रकार २०१२ मध्ये बंद केला होता. अशा अधिकारांचा गैरवापर कसा होतो बघा: ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो आर्पायोच्या माणसांनी चेहरा बघून लॅटिनो लोकांच्या गाड्या अडवल्या. २०१३ मध्ये फेडरल न्यायाधीशानं ते घटनाविरोधी ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये तोच टास्क फोर्स परत आणला. तेव्हा देशभर २८७(जी) चे १३५ करार होते, सप्टेंबरपर्यंत ते हजारावर गेले. ऑक्टोबर २०२५ पासून टास्क फोर्समधल्या पोलिसांचा पगारही केंद्र भरून देतं. पैसा आला की शहरं विचार करतातच. डॅलस शहराच्या पोलिसांपुढे २५ मिलियन डॉलरचा प्रस्ताव होता, त्यांच्या प्रमुखांनी तो नाकारला. पण शेजारच्या काही लहान गावांनी करार केलेत. आणि ज्या शेरीफकडे तुरुंग आहे त्यानं यातला एखादा करार केलाच पाहिजे असा टेक्सासचा नवा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे.

एवढं सगळं वाचून तुम्ही आणखी घाबरला असाल. पण बघा, यात बहुतेक ठिकाणी माणूस आधी पोलिसांच्या ताब्यात जातो, नाहीतर रस्त्यात अडवला जातो. तक्रारदाराचे ठसे घेत नाहीत. त्याला तुरुंगात नेत नाहीत. आणि टेक्सासच्या ज्या २०१७ च्या कायद्यानं तुरुंगांवर सक्ती केली त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे मी प्रत्येक मुलाला वाचून दाखवायचो. गुन्ह्याचा बळी किंवा साक्षीदार असलेल्या माणसाला पोलिसानं इमिग्रेशनबद्दल विचारायचं नाही. अपवाद दोनच: तपासासाठी ते खरंच गरजेचं असेल, किंवा पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठी जे खास व्हिसा असतात त्यांची माहिती द्यायची असेल. काच फोडून सॅक नेली यात मुलाचा व्हिसा विचारायची काय गरज? आणि विचारलाच तरी तो एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर रीतसर आहे. त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. गाडी फोडून झालेल्या चोरीची तक्रार तिकडच्या बऱ्याच शहरांत वेबसाइटवर देता येते, समोरासमोर जावंही लागत नाही. त्याच्या शहराच्या पोलिसांच्या साइटवर बघू दे. नसेल तर ९११ नको, त्यांचा तातडीचा नसलेला नंबर असतो, त्यावर फोन. सॅकमधल्या वस्तूंत पासपोर्ट नंबरासकट लिहायला सांगा. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये असेलच. काच मित्राची फुटलीय, त्याला विम्यासाठी तोच केस नंबर लागेल, म्हणून दोघांनी मिळून करावं. रिपोर्टची प्रत मिळाली की पुढच्या कामांना हात घालता येईल. ते मी नंतर लिहितो, आता आईच्या औषधाची वेळ झाली.

माजी फौजदार, सातारा

नमस्कार. सातारा जिल्हा पोलीस दलातून निवृत्त झालो. ताई, तक्रार द्यायलाच पाहिजे याबद्दल दुमत नाही. वेळ गेला की तपास थंड होतो, तिकडे काय नि इकडे काय.

पण मिरजकर साहेबांना एक विचारतो, राग मानू नका. स्थानिक पोलिसांनी केंद्राला मदत केली तर त्यात वावगं काय? आपल्याकडे जिल्ह्याचा एसपी हाच परदेशी नागरिकांचा नोंदणी अधिकारी असतो. पाचगणीच्या शाळांत परदेशी मुलं येतात, महाबळेश्वरच्या हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की मालक त्याच्या माहितीचा फॉर्म भरतो. ते काम बघणारा पोलीस आणि चोरी बघणारा पोलीस एकाच छपराखाली बसतात. आम्ही कधी म्हटलं नाही की हे केंद्राचं काम, आम्हाला नको. मग अमेरिकेत एवढं वादळ कशाला? कायदा मोडून राहिलेला सापडला तर कळवायला नको का? फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराचं विमान भरून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, त्यात आपले महाराष्ट्रातलेही तिघं होते. हातापायांत बेड्या घालून आणलं ते मला अजिबात आवडलं नाही, पण बेकायदा गेले होते हे तर खरं.

कृष्णाकाठ, मिरज

साहेब, राग कसला. प्रश्न बरोबर आहे आणि तो मलाही तिकडे गेल्यावर पडला होता.

आपल्याकडे पोलीस राज्याच्या सूचीत आणि परदेशी नागरिक केंद्राच्या सूचीत आहेत. पण घटनेच्या कलम २५८ खाली केंद्र आपलं काम राज्याच्या संमतीनं राज्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतं, आणि परदेशी नागरिकांचं काम तसं फार पूर्वीच सोपवलेलं आहे. म्हणून एसपी ऑफिसात ते टेबल आहे. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन २०२५ चा नवा कायदा आला तरी ती रचना मोडली नाही.

अमेरिकेत गोष्ट उलट्या बाजूनं सुरू होते. राज्याच्या पोलिसांना केंद्र आपल्या कामाला जुंपू शकत नाही. हे इमिग्रेशनच्या खटल्यातून आलेलं नाही, बंदुकीच्या खटल्यातून आलंय. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलीस अधिकाऱ्यानं तपासावी असा केंद्राचा कायदा होता. माँटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ कोर्टात गेले, हे आमचं काम नाही म्हणून. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच तत्त्वावर कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदा करून आपल्या पोलिसांना आयसीईच्या बऱ्याच कामांपासून लांब ठेवलं. केंद्रानं त्याविरुद्ध खटला भरला, तो कायदा टिकला. पण राज्य स्वतःच्या शेरीफला हुकूम देऊ शकतं, आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया यांनी उलटा हुकूम दिला. म्हणून एकाच देशात एकाच मुलाला सॅन होजेत एक वागणूक आणि डॅलसजवळ दुसरी.

वावगं काय, याचं माझं उत्तर कायद्यातलं नाही. मी तिकडे डोळ्यानं बघितलंय. आमच्या ओळखीच्या एका बाईला नवरा मारायचा. ती त्याच्या व्हिसावर आलेली, डिपेंडंट. शेजारणीनं ९११ लावायला फोन हातात घेतला तर या बाईनंच तो काढून घेतला. "पोलीस आले की आम्हा दोघांनाही पाठवतील." तिचे कागद नीट होते, साहेब. पोरंही तिथंच जन्मलेली. तिला कायदा माहीत नव्हता, भीती माहीत होती. आणि नवरा नेमकं हेच सांगून तिला गप्प ठेवायचा. अशा बायकांसाठीच अमेरिकेनं २००० साली यू व्हिसा आणला. अशा गुन्ह्याच्या बळीनं पोलिसांना मदत केली तर तिला राहायला मिळावं म्हणून. वर्षाला १०,००० चीच मर्यादा आहे आणि रांग भलतीच लांब आहे, पण कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं की बळी पुढे आला नाही तर पोलीस आंधळे होतात. 

ह्यूस्टनचे तेव्हाचे पोलीसप्रमुख आर्ट ॲसेव्हेडो यांनी २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांचे आकडे सांगितले होते. हिस्पॅनिक समाजातून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त घटल्या होत्या. त्यांनी त्याचा संबंध या भीतीशीच जोडला. मुरलेला पोलीस अधिकारी हे सांगतो, तेव्हा मी ते मनावर घेतो.

बेकायदा राहणाऱ्याला केंद्राच्या खात्यानं शोधावं, कोर्टात न्यावं, पाठवावं. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत, पैसा आहे. पण ज्याच्या दारात माणूस मदत मागायला जातो त्याच्या हातात ते काम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कराडची मावशी

माझ्या बहिणीचा मुलगा जॉर्जियात आहे, म्हणून लिहिते. मिरजकर म्हणतात की खरा धोका अटकेत आहे, ते आम्ही भोगलंय.

लायसन्सची मुदत संपलेली असताना गाडी चालवत होता. आपल्याकडे हवालदार पावती फाडतो आणि सोडतो. तिकडे जॉर्जियात हा गुन्ह्यातच मोडतो. त्याला हातकड्या घालून काउंटीच्या तुरुंगात नेलं, फोटो, ठसे, सगळं. त्याच रात्री जामिनावर सुटला, पुढे कोर्टात दंड भरला, प्रकरण मिटलं असं आम्ही समजलो. दुसऱ्या वर्षी एप्रिल २०२५ मध्ये कॉलेजमधून मेल आला, तुझी सेविसमधली नोंद रद्द झालीय. सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही. ती नोंद गेली की नोकरी बंद, शिकणंही बंद. बहीण इथं दत्तमंदिरात जाऊन बसायची, जेवण नाही.

नंतर कळलं की आयसीईनं विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या देशभरच्या यादीशी ताडून बघितली आणि जिथं जुळलं तिथं हजारो नोंदी उडवल्या. गुन्हा शाबीत झालाय की खटलाच काढून टाकलाय, काही बघितलं नाही. वाहतुकीच्या तक्रारीवाली पोरं पण त्यात गेली. अटलांटाच्या फेडरल कोर्टात १३३ विद्यार्थी एकत्र गेले, तिथं न्यायाधीशांनी नोंदी परत चालू करायचा हंगामी आदेश दिला. देशभर असे खटले पडले आणि त्याच महिन्याच्या शेवटी सरकारनं नोंदी परत चालू करायला सुरुवात केली. आमच्या पोराची पण झाली. पण तो पंधरवडा मी शत्रूला पण देणार नाही.

म्हणून ताई, तक्रार जरूर द्या. पण पोराला गाडीच्या बाबतीत नीट सांगा. लायसन्स, विमा, वेग, आणि पिऊन तर चाकाला हातच लावायचा नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द करतात. दुकानातली बारकी चोरी असो की कुणाशी मारामारी, भारतातल्या अमेरिकन दूतावासानं २०२५ मध्ये जाहीर बजावलंय की व्हिसा जाऊ शकतो आणि पुढचाही नाकारला जाऊ शकतो.

माजी फौजदार, सातारा

मिरजकर, त्या बाईचं वाचून जुनी गोष्ट आठवली.

फलटण तालुक्यात ऊसतोडीचा हंगाम चालू होता. बीडकडची टोळी फडाच्या कडेला पालं टाकून होती. एका रात्री त्यांच्यातल्या पोरीची छेड काढून कुणी पळालं. बघणारे दहाबारा जण होते. मी गेलो तेव्हा माझ्यासोबत दुसऱ्या एका खात्याचा माणूस होता, त्याला मुकादमाचे कागद आणि लहान मुलं कामाला आहेत का ते बघायचं होतं. एकाच जीपमधून गेलो, डिझेल वाचेल म्हणून. सकाळी परत गेलो तर पालं उठलेली. टोळी रातोरात दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत निघून गेली. साक्षीदार एक हाती लागला नाही. आरोपी आजही मोकळा असेल.

दोन्ही कामं कायद्याचीच होती. दोन्ही करायलाच पाहिजे होती. पण एका जीपमधून नको होती. तुमचा मुद्दा मला आता पटतोय. रस्त्यावरच्या पोलिसाला हे काम देण्याबद्दल म्हणतोय. तुरुंगात आलेल्या, गुन्हा केलेल्या माणसाबद्दल मात्र केंद्राला कळवावं या मताचा मी अजूनही आहे.

कृष्णाकाठ, मिरज

साहेब, गंभीर गुन्हा शाबीत झालेल्याबद्दल माझाही विरोध नाही. अडचण अशी की ठसे अटकेच्या वेळी जातात, शिक्षेच्या वेळी नाही. कराडच्या ताईंच्या भाच्याचंच बघा. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्यानं तर विना परवाना सीमा ओलांडून आलेल्यांवर चोरीचा किंवा दुकानातून वस्तू उचलल्याचा नुसता आरोप आला तरी त्यांना कोठडीत ठेवणं सक्तीचं केलंय. गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच माणूस आत.

आणि कोठडीचा विषय निघालाच आहे तर ज्यांची मुलं तिकडे आहेत त्या सगळ्यांसाठी लिहितो. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, ते दिवाणी प्रकरण मानतात. म्हणून एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर मुलाला पाठ हवा, फोनमध्ये असून उपयोग नाही, फोन काढून घेतात. वकिलाशी बोलल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. 'स्वखुशीनं जातो' असा कागद पुढे करतात, घाबरलेलं पोर सही करून मोकळं होतं आणि दाद मागायचा हक्क गमावून बसतं. भारताच्या कॉन्सुलेटला कळवा असं स्वतः मागायचं, १९६३ च्या व्हिएन्ना करारानं तो हक्क दिलाय. आणि घरच्यांकडे मुलाचं पासपोर्टातलं नाव अक्षर न् अक्षर लिहून ठेवलेलं असू द्या. आयसीईच्या साइटवर कैदी शोधायला पूर्ण नाव आणि जन्माचा देश लागतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, एका ठिकाणी येतं, दुसऱ्या ठिकाणी गाळतात, आणि मग माणूस सापडत नाही. अशा वेळी आईबाप सांगलीत रात्रभर स्क्रीनकडे बघत बसलेले मी पाहिलेत.

हळदपेठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तुमचं सगळं मी मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. फौजदार काकांची जीपची गोष्ट झाल्यावर ते म्हणाले, "सांग पोराला, कर म्हणावं."

त्यानं वेबसाइटवरूनच तक्रार भरली, मित्र शेजारी बसला होता. सकाळी एका पोलीसबाईंचा फोन आला. पार्किंगमध्ये कॅमेरा कुठे आहे, लॅपटॉपचा सिरीयल नंबर काय, सॅकचा रंग कोणता, एवढंच विचारलं. तू कुठला, कुठल्या व्हिसावर, काही नाही. रिपोर्टची प्रत मेलवर आली. मुलाचा आवाज इतका मोकळा आठवड्यात ऐकला नव्हता.

आता पुढचं सांगा. पासपोर्ट सांगलीहून काढायचा की तिकडून? आणि व्हिसाचं काय?

कृष्णाकाठ, मिरज

छान झालं, ताई.

पासपोर्ट तिकडूनच. टेक्सास ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटखाली येतं, अर्ज व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीमार्फत जातो. पोलिसांचा रिपोर्ट आणि पासपोर्ट हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत असेल तर ती जोडू दे. एकदा चोरीला गेला असं कळवल्यावर तो जुना पासपोर्ट सापडला तरी वापरायचा नाही.

आय-२० ची नवी प्रत कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातून मिळते, तिथं चोरीचंही सांगून ठेवू दे. आय-९४ म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद, ती अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या साइटवरून लगेच छापून घेता येते, नाव आणि पासपोर्ट नंबर वगैरे टाकलं की झालं. तिथं १८ वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा नियम आहे, आणि आय-९४ हा तसा पुरावा धरला जातो. म्हणजे रोज मूळ पासपोर्ट पाठीवर घेऊन फिरायची गरज नाही. नवा आला की तो घरात कुलपात, पाकिटात आय-९४ आणि पासपोर्टची झेरॉक्स.

व्हिसा तिथं परत मिळत नाही. पण व्हिसा हा आत यायच्या दारापुरता असतो. शिक्षण चालू आणि सेविस चालू तोवर राहायला अडचण नाही. व्हिसा चोरीला गेल्याचं मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटला मेलवर कळवून टाका, पोलीस रिपोर्ट जोडून. पुढे कधी भारतात आला की परत जाण्याआधी नवा व्हिसा काढावा लागेल, त्यामुळे या उन्हाळ्यात यायचं तिकीट काढलं असेल तर आधी वकिलाशी बोला.

माजी फौजदार, सातारा

एक राहिलं. नव्या पासपोर्टची पडताळणी तुमच्या घरच्या पत्त्यावर येऊ शकते, म्हणजे विश्रामबाग ठाण्यातून कुणीतरी येईल. मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि घराचं लाइट बिल काढून ठेवा. साहेबांना चहा पाजलात तरी चालेल, पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

हळदपेठ, सांगली

सगळं लिहून घेतलं. तिकीट जूनचं होतं, ते पुढे ढकलायला सांगते. मिस्टर म्हणतात पडताळणीला आलेल्या पोलिसांशी ते स्वतः बोलतील.